लिंबावरच्या अळ्या

"आय, बाजूला हो. औषध अंगावर उडेल."

ॲन्सेल्म पाठीवर फवारणीचा पंप बांधून उभा होता. समोर त्याची आई जुलियाना, लिंबाच्या झाडाला पाठ लावून. झाडाच्या अर्ध्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. उरलेल्या पानांवर गलेलठ्ठ हिरव्या अळ्या निवांत चरत होत्या.

"उडू दे. हिल्डाच्या म्युझियमला लागतात त्या."

हिल्डा नुकतीच मुंबईहून येऊन वाडीत शिरत होती. म्युझियमच्या फुलपाखरांच्या विभागात नोकरी लागली तेव्हा तिनेच आईला कागदाची तिकोनी पुडी करायला शिकवलं होतं. पंख मिटवून फुलपाखरू त्यात ठेवलं की मोडत नाही. तेव्हापासून सांडोरच्या वाडीत फुलपाखरं निघाली की जुलियाना शेजारच्या आग्नेलबरोबर निरोप धाडायची. हिल्डा रविवारी यायची, जेवायची, पुड्या उचलायची आणि ऊन उतरायच्या आत परत निघायची.

"बघ, आली तुझी मालकीण," ॲन्सेल्म आईला म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "मला कधी एवढं जपलं नाही हिने. एक झाड संपलं, आता बाकीची जातील. तूच सांग हिला. अजून किती पायजेत तुम्हाला?"

हिल्डा आईकडे बघत राहिली. खरं सांगितलं तर तिचं मन मोडणार होतं. नाही सांगितलं तर झाडं मरणार होती.

"आय, लिंबावरची फुलपाखरं आमच्याकडे खणच्या खण भरलेली आहेत. आता एकही नको."

जुलियाना झाडापासून बाजूला झाली. "मार औषध," ती ॲन्सेल्मला म्हणाली. मग लुगड्याला हात पुसत, कोणाकडेच न बघता तिने विचारलं,

"मग आता तू कशाला येशील?"

ॲन्सेल्मने पंपाचा दांडा दाबलाच नाही.

"पतंग न्यायला," हिल्डा म्हणाली. "पण ते असे दिवसा हाती लागत नाहीत. अंधार पडल्यावर ओटीवरच्या ट्यूबलाइटवर येतात. त्यांच्यासाठी मुक्कामाला राहावं लागेल."

जुलियानाने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"कितीसे प्रकार असतात त्यांचे?"

"फुलपाखरांच्या दहापट, आय."