समोरच्या खिडक्या

"पडदा ओढ! आधी पडदा ओढ!" असं म्हणत तो पलंगाआड खाली बसला.

बायको हातातली बॅग तशीच धरून उभी राहिली. "अहो, झालं तरी काय?"

"समोर ताई आहे."

बायकोने पडद्याच्या फटीतून पाहिलं. अरुंद गल्लीपलीकडे, अगदी त्यांच्याच उंचीवर, नणंद गॅलरीच्या कठड्यावर गाद्या टाकून थापटत होती. शेजारी खुर्चीत तिचे दमेकरी सासरे वाऱ्याला बसले होते. बायकोने पडदा ओढला आणि ती नवऱ्याकडे अशी पाहत राहिली की त्याने मान खाली घालून बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या.

ऑफिसात त्याला सवलतराव म्हणत. पुरं भाडं भरून हॉटेलात राहणारा माणूस त्याच्या लेखी निव्वळ दुधखुळा. हा शेवटच्या घटकेपर्यंत दम धरायचा आणि रिकाम्या खोल्यांचे भाव पडले की झडप घालायचा. त्यातही त्याचा खरा जीव 'मिस्ट्री डील'वर. निम्म्या भावात चांगलं हॉटेल. अट एवढीच की पैसे भरेपर्यंत नाव-पत्ता कळत नाही आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आजही त्याने गाडीत बसल्या बसल्या पैसे भरले होते. हॉटेल नवं निघालं, पत्ता मोठ्या रस्त्यावरचा. त्याची मागची बाजू ताईच्या गल्लीत उघडते, हे ना पत्त्यात होतं ना फोटोत.

आणि ताईला तर त्याने सांगितलं होतं, "यंदा नाही गं जमत. रजाच मिळत नाही."

"बरं," ती म्हणाली होती. "तरी गाद्यांना ऊन दाखवून ठेवते. आलास तर आलास."

तिचं घर दोन खोल्यांचं. सासऱ्यांना कोंदट हवेत श्वास पुरत नाही, म्हणून दारं-खिडक्या कायम सताड उघड्या. रात्रभर त्यांचा खोकला, सकाळी एका न्हाणीघरापुढे रांग. पाहुणे आले की ताई स्वतः स्वयंपाकघरात फरशीवर आडवी व्हायची. 'उगाच तिला त्रास कशाला,' असं तो बायकोला सांगायचा. त्रास खरं तर त्यालाच नको होता. पलंगाआड बसल्या बसल्या हे त्याला लख्ख कळलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चला, तिच्याकडेच जाऊ," बायको म्हणाली. "सांगू, अचानक ठरलं."

"आणि हे पैसे? परत नाही मिळत."

"धन्य आहे तुमची!"

"बाबा, आपण लपाछपी खेळतोय?" लेकीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती पडद्यातून गॅलरीत पळाली. त्याने गुडघ्यांवर रांगत जाऊन फ्रॉक धरला आणि तिला आत ओढलं. ताईने इकडे पाहिलं का? ते बघायचा त्याला धीर झाला नाही.

लपाछपी त्याला कधी जमलीच नव्हती. लहानपणी तो दर डावाला पडद्यामागे लपायचा आणि पावलं बाहेर राहायची. राज्य ताईवर असलं की ती त्या पावलांसमोर येऊन उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, "गेला तरी कुठे बाई हा?"

ती संध्याकाळ त्यांनी पडदे लावून, दबक्या आवाजात काढली. जेवण खोलीतच मागवलं.

सकाळी त्याने फटीतून पाहिलं तर समोर सगळं बंद. गाद्या नाहीत, सासऱ्यांची खुर्ची नाही, झाडून सगळ्या खिडक्या लावलेल्या.

"गावाला गेले वाटतं," बायको म्हणाली.

"सुटलो बुवा!" तो म्हणाला आणि त्याने पडदा सरकवला.

खोलीत भरपूर उजेड आला. लेक दिवसभर गॅलरीत साबणाचे फुगे उडवत बसली. तोही खुर्ची टाकून चहा प्यायला. हवा सुरेख होती. तरी नजर फिरून फिरून त्या बंद काचांकडे जायची आणि चहा कडू लागायचा. एकदा त्याने ताईला लावायला फोन हातात घेतला. पण विचारणार काय? 'कुठे आहेस' असं विचारलं, तर तीही तेच विचारणार. त्याने फोन खिशात टाकला आणि मनाशी ठरवलं, पुढच्या खेपेला बॅगा घेऊन थेट तिच्या दारात. असं काही ठरवलं की माणसाला जरा बरं वाटतं. त्यालाही वाटलं.

निघायच्या दिवशीही समोर सगळं बंदच होतं. खाली काउंटरवरच्या मुलीने किल्ली घेतली. "कसं झालं राहणं, सर?"

"झकास," तो सवयीने म्हणाला. "आणि तेही निम्म्या भावात!"

मुलगी हसली आणि तिने फोन उचलला. "एकच मिनिट हं, पावती देते. मागच्या गल्लीतल्या एक ताई आहेत, त्यांना तेवढं कळवते. तुम्ही आलात त्याच संध्याकाळी येऊन सांगून गेल्यात, ती छोटी मुलगी आणि तिचे आईबाबा गेले की लगेच फोन कर म्हणून."

पलीकडून फोन उचलला गेला. आधी खोकल्याची एक लांबलचक उबळ ऐकू आली, मग ओळखीचा आवाज.

"हां ताई, निघाले ते," मुलगी म्हणाली. "आता उघडा तुमच्या खिडक्या."