चांदीचा चिमटा

समजा बाळांनो, एका देशात खोट्या वाक्याला खरोखरच वास येतो. तिथल्या ऑनलाइन ज्ञानकोशात सरकारी माणसं रोज खाडाखोड करत. म्हणून कोशाच्या राखणदारांनी अशी युक्ती केली, की पुराव्याविना बदललेलं वाक्य उघडलं की पडद्यातून सडक्या मासळीची घाण सुटे. सरकारने खाडाखोड थांबवली नाही, नाकाला लावायचे चिमटे वाटले.

पर्णाच्या वर्गात आज तपासणीचे साहेब आले होते. बाईंनी पडद्यावर नेमकं पर्णाच्या गावाचं पान उघडलं. ‘धरण फुटले’ हे शब्द गायब होते. तिथे ‘धरणातून विसर्ग करण्यात आला’ असं लिहिलं होतं, आणि वाहून गेलेल्या माणसांबद्दल अवाक्षर नव्हतं.

“वास येतो का कुडाला?” खुर्चीतून साहेबांनी विचारलं. त्यांचा चिमटा चांदीचा होता.

“डाही, साहेब!” पोरं ओरडली. नाक चिमटलं की धड ‘नाही’सुद्धा म्हणता येत नाही.

पर्णाने आपला चिमटा काढला. सडक्या मासळीची घाण तिच्या नाकात शिरली.

“बाई, विसर्ग म्हणजे ठरवून सोडलेलं पाणी ना? मग माझी आई कशात गेली?”

“अगं, गप बस!” बाई घाबरून कुजबुजल्या.

साहेब गोड हसले. “बाळ, बी हे रोज वाचतो. बला तर कसलाच वास येत डाही.”

पर्णा त्यांच्यापाशी गेली आणि तिने त्यांच्या नाकावरचा चांदीचा चिमटा ओढून काढला.