बसा हो आता

चार महिने हेरंब ओट्याशी उभ्यानेच जेवत होता. मेंदूत दारूची ओढ उठली की व्यसनमुक्ती केंद्राने कानामागे लावलेली चकती शिट्टी मारायची. मित्रांत 'बसणं' म्हणजे पिणंच. त्यामुळे बायको सुलभा नुसतं "जेवायला बसा" म्हणाली, तरी ओढ उठून चकती मेली केकाटायची.

आज त्याने ताट हातात घेतलं, तोच जुना मित्र दिनकर दारातून ओरडला, "काय हेरंब, बसायचं ना आज?"

सुलभाचा हात थबकला. हेरंबने डोळे मिटून वाट पाहिली. चकती गप्प होती.

"नाही रे," तो हसला, "आज जेवायलाच बसतो."

सुलभाने घाईघाईने पाट मांडला. "बसा हो आता," ती म्हणाली आणि कान देऊन ऐकत राहिली. ऐकू आली ती फक्त आमटीची फोडणी.