कुंपणावरच्या झाडाचा जॅम

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कुणी नाही असं बघून एनिडने आणखी एक बरणी उचलली. खालच्या पालथ्या चिठ्ठीवर हेस्टरचं नाव होतं. शेजारच्या बरणीखाली तिचं स्वतःचं.

पॅरिशच्या, म्हणजे एकाच चर्चच्या, तिन्ही गावांच्या प्रदर्शनात जॅमच्या बक्षिसाचा कप वर्षानुवर्षं हेस्टरच नेत आली होती. खरं तर दोघींचे प्लम एकाच झाडाचे, दोघींच्या कुंपणावरच्या. बरण्याही प्रदर्शनवाल्यांनी दिलेल्या, सगळ्या एकसारख्या. चिठ्ठी बघितल्याशिवाय कुठली कुणाची, खुद्द करणारीलाही सांगता आलं नसतं. सकाळी गाणं गुणगुणत त्या टेबलावर मांडल्या होत्या हेस्टरनेच.

एनिडच्या नवऱ्याने कपासाठी म्हणून खिडकीत एक फळी ठोकली होती. बिचारा गेला, पण फळी रिकामीच राहिली. यंदा काहीही करून ती भरायची, असं एनिडने ठरवलं होतं.

तिने दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि मुकाट्याने फुलदाणीत डेलिया खोचू लागली.

दुपारी परीक्षक बाईंनी चमचा चमचा जॅम चाखला. पाद्रीबाबांनी घसा साफ केला.

"जॅम! पहिला नंबर, हेस्टर गॉन्ट. दुसरा, एनिड पर्स्लो!"

कप घ्यायला अर्धी उठलेली एनिड परत खाली बसली. मग डोक्यात प्रकाश पडला आणि तिला हसू आवरेना. हेस्टरच्या नावाने जिंकला होता तो तिचाच जॅम! कप गेला तर गेला. तिन्ही गावांत सगळ्यात चांगला जॅम आपला, हे कळलं तेवढं पुरे. तिने हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाहेर चहाच्या तंबूत हेस्टर जिंकलेला कप मांडीवर घेऊन बसली होती.

"काय गं, कप जिंकलास आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं?" एनिड तिच्याशेजारी ऐसपैस बसत म्हणाली.

"कुणाला सांगू नकोस हं." हेस्टर तिच्या कानाशी आली. "तुझी ती रिकामी फळी रोज माझ्या स्वयंपाकघरातून दिसते गं. बघवत नाही. म्हणून सकाळी बरण्या मांडताना मी माझ्या जॅमखाली तुझी चिठ्ठी ठेवली होती आणि तुझ्या जॅमखाली माझी. मग जिंकले कशी मी?"