जनीची चक्कर

कासूच्या फलाटावर जनीने काळुरामचा दंड घट्ट धरला. "अवो, जरा थांबा. फिरतंय."

काळुराम थांबला. महिनाभरात त्याला सवय झाली होती. ती थांबा म्हणाली की थांबायचं, बसा म्हणाली की शेजारी बसायचं. ती टेकली की तिच्या भाराने तोही कलायचा. मग रूळ, पलीकडची मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, सगळंच पाण्यावर ठेवल्यासारखं डुलायचं. जवळच्या माणसाचं दुखणं थोडं आपल्यातही झिरपतं, असं त्याला वाटे.

पहाटे तो कुशीवर वळला की ती जागी व्हायची. चक्कर येतेय, हात धरून पडून राहा, म्हणायची. दोघं तसेच पडून राहायचे. अर्धवट झोपेत घर होडीसारखं हळूहळू फिरायचं आणि कुठेतरी किनाऱ्याला लागायचं. उभ्या संसारात जनी कधी अशी हात धरून राहिली नव्हती. खरं सांगायचं तर काळुरामला ते बरं वाटत होतं.

मागे बसलं की जीव घाबरतो म्हणाली, म्हणून त्याने सायकल पुतण्याला देऊन टाकली. मिठागराच्या वीतभर बांधावरून डोक्यावर टोपली घेऊन धावलेला माणूस, आता तिच्या चालीने चालू लागला. तरी गेल्या आठवड्यात घात झालाच. खाडीचं पाणी आत घेतात त्या उघाडीपाशी तिने एकदम त्याचा दंड धरला आणि दोघंही पाण्यात पडली. भरती चढत होती. बांधावरच्या रघूने दोरी टाकली म्हणून वाचली. वर आल्यावर जनीने पदर पिळून आधी त्याचं डोकं पुसलं. मग म्हणाली, "रोह्याला डाक्टरकडं जायचं. मी एकटी नाय जायची."

काळुरामचा बाप दवाखान्यात गेला तो परत आला नव्हता. तेव्हापासून काळुरामने दवाखान्याची पायरी चढली नव्हती. पण जनीसाठी तो निघाला.

रोह्याच्या डॉक्टर दीपिका वयाने तरुण होत्या. बायकांचं काही विचारायचंय म्हणून जनीने आधी त्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं. मग आत बोलावलं. घरात खाणंपिणं एकच, म्हणून डॉक्टरांनी दोघांचंही बीपी घेतलं, साखर तपासली. उन्हात पाणी पिता का, उपाशी राहता का, कसल्या गोळ्या चालू आहेत का, विचारलं. चक्कर शंभर कारणांनी येते, त्या म्हणाल्या, पण कूस बदलताना येते ती बहुतेक कानाची. कानात मिठाच्या कणांसारखे बारीक खडे असतात. ते जागचे सरकले की जग फिरतं. मान ठरावीक तऱ्हेने वळवली की परत जागेवर जातात.

जनी टेबलापासून मागे सरली. "मला भ्या वाटतंय. आधी यांना करून दाखवा."

काळुराम हसून आडवा झाला. डॉक्टरांनी त्याचं डोकं वळवून टेबलाच्या कडेखाली नेलं आणि डोळे उघडे ठेवायला सांगितलं. छत वाहू लागलं. खिडकीतली कुंडलिका नदी वर गेली, आभाळ तिच्याखाली आलं. जनीला रोज हे असंच दिसत असेल, तर बिचारी दिवस कसे काढते? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चाचपडत तिचा हात शोधला. तो तिथेच होता.

डॉक्टरांनी मान पुन्हा वळवली, कुशीवर घेतलं, सावकाश उठवून बसवलं. नदी खाली उतरून आपल्या जागी वाहू लागली.

"बघितलंस? काय नाय त्यात," तो म्हणाला. मग जनी टेबलावर आडवी झाली. तिचं लगेच उरकलं.

बाहेर जनी नळावर बाटली भरायला गेली. तिने काय पाळायचं ते पाहावं म्हणून काळुरामने डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी उघडली. दोन रात्री उशी उंच घ्यायची. बांधावर जायचं नाही. बुधवारी परत दाखवायचं. वर पेशंटचं नाव लिहिलं होतं. काळुराम.