ओमाची पाठ

अर्धांगाचा झटका आला आणि ओमा सिंचेची, म्हणजे सिंचे आजीची, सुनेवर जन्मभर चाललेली जीभ एकदम थांबली. शेजारच्या म्हाताऱ्याचा जीव अंथरुणात पडून झालेल्या जखमांनीच गेला होता, म्हणून नर्स ग्रेसीनं सुनेला, व्होनीला, बजावलं, "दर दोन तासांनी कूस बदल. पाठीला, कमरेला, टाचांना खोबरेल लावून हलक्या हातानं मालिश कर. लाल दिसेल ती जागा मात्र चोळू नकोस."

व्होनीनं हातावर तेल घेतलं आणि तिच्या लक्षात आलं, आता उलट उत्तर येणार नाही. मग काय, वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं बाहेर पडू लागलं.

"माझी मिरचीची चटणी पाहुण्यांदेखत मिळमिळीत म्हणालात ना, ओमा? मग वाटी चाटूनपुसून कुणी साफ केली? वळा आता या कुशीवर!"

बोलायच्या ओढीनं तिची मालिशची एकही पाळी चुकली नाही.

काही आठवड्यांनी ग्रेसी तपासायला आली. "अगं, पाठ बघ कशी तुकतुकीत आहे! एक डाग नाही."

व्होनी खूश होऊन कॉफी करायला गेली. कप घेऊन परतली, तर दाराशीच थबकली. आतून ओमाचा आवाज येत होता, जरा बोबडा, पण तोच.


"मला बोलता यायला लागलंय, हे तिला सांगू नकोस गं बाई. ती गप्प बसली, तर दिवसभर मी ऐकू काय?"