कच्चा कैदी

बराकीत शिक्षा झालेला एकच म्हातारा होता. बाकी कच्चे कैदी, खटल्याची वाट पाहणारे. “मी तेवढा गुन्हेगार, तुम्ही पाहुणे,” तो हसायचा. कोर्टात निघालेल्या गवंड्याला त्याने बजावलं, “कबूल कर. सायकलचोरीला असते त्याहून जास्त शिक्षा तू भोगलीस. संध्याकाळी घरी असशील.” “पण काका, मी सायकल चोरलीच नाही.” “मग बस निर्दोष. पोरगी भिंतीबाहेर मोठी होईल.” गवंडी आत असतानाच मुलगी जन्मली होती, त्याने तिला अजून उचललं नव्हतं. कोर्टात ती बायकोच्या मांडीवरून त्याच्याकडे परक्यासारखी बघत होती. “गुन्हा कबूल आहे?” न्यायाधीशांनी विचारलं. “कबूल,” गवंडी म्हणाला. तिथेच सुटकेचा हुकूम झाला. त्याने मुलीसाठी हात पुढे केले. बायको जागची हलली नाही. नवरा चोर नाही, असं ती इतकी वर्षं दारोदार सांगत आली होती.